अकराचा फोन

"नीलम, अकरा वाजले. बंद केला का?"

"हाव काका, केला," नीलम म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. बंद काहीच केलं नव्हतं.

फोन अकोल्याहून, काकांच्या जठारपेठेतल्या घरून होता. नांदगाव पेठेतल्या या कापड कारखान्यात शालिकराम काकांनी नऊ वर्षांपूर्वी जावाचा ॲप्लिकेशन सर्वर बसवला होता. हजेरी, सूत, मालाची पाठवणी, सगळं त्याच्यावर. त्याला एक खोड होती. सकाळच्या पाळीत त्याची मेमरी भरत जाई आणि दुपारी तो बसकण मारी. म्हणून रोज अकराला तो हातानं बंद करून पुन्हा चालू करायचा. उठायला सहा मिनिटं घेई. तेवढा वेळ कारखान्यातले सगळे पडदे गप्प, आणि सर्वरवाल्याला कोणी हाक मारत नसे.

मग काकांना अर्धांगवायू झाला. नोकरी सुटली, सर्वरची खोली नीलमकडे आली. अकराची सवय तेवढी सुटली नाही, ती फोनवर आली.

"डेटाबेस जोडला?"

"जोडला."

"हजेरीचं ॲप चढलं?"

"चढून राहिलं."

जुना सर्वर उठताना पडद्यावर उमटायच्या त्या लॉगच्या ओळी ती भिंतीकडे बघत पाठ म्हणत होती. जुनं यंत्र तीन आठवड्यांपूर्वीच निघालं होतं, त्याच्या घरघरणाऱ्या पंख्यासकट. त्याआधी महिनाभर नीलमनं नवा सर्वर बसवला, एकेक ॲप त्यावर चढवलं, मेमरी कुठं गळते ते शोधून बुजवलं. आता खोली शांत होती. नव्या सर्वरला विश्रांती लागत नाही. तेव्हा नीलमलाही लागत नसावी, असं ऑफिसनं गृहीत धरून टाकलं. वर, हात मोकळे झालेच आहेत तर, म्हणून अकोल्याच्या गोदामाचे कॉम्प्युटरही तिच्याच गळ्यात आले.

करिश्मा दारात आली. "नीलमताई, पाठवणीचा रिपोर्ट निघून नाही राहिला..."

नीलमनं कानाच्या फोनकडे बोट दाखवलं. "काकांचा का? बोला, बोला," म्हणून करिश्मा परत गेली. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

या फोनावाचून काकांच्या दिवसात काय उरेल, या धास्तीनं ती रोज खोटं बोलायची. आज मात्र खोटं बोलायचेही कष्ट वाटले.

"काका, रागावू नका. तुमचा सर्वर काढला. तीन आठवडे झाले."

नीलमनं डोळे मिटून घेतले. मग काकांचं ते अर्ध्या तोंडाचं हसू कानावर आलं.

"मले मालूम हाय. त्याचा पंखा फोनात घरघर करे. आता कुठं ऐकू येते?"

"मंग तुमी रोज फोन काहून करता?"

"तो उठेपर्यंत मी बसून चहा पेत होतो. साऱ्या दिवसात तेवढंच बसनं होतं माझं. तुया नव्या सर्वरनं तुले तेबी ठेवलं नाही." काका थांबले. त्यांना एवढं बोलायलाही दम लागायचा. "सहातली अजून तीन मिनिटं हायेत. फोन ठेवू नको, बोलू बी नको. चहा पे."