गालावरची तीट

माझ्या कॅमेऱ्याची पन्नास एमएमची लेन्स अंधाऱ्या खोलीतही फ्लॅशशिवाय चालते, म्हणून हिंगणीच्या अंगणवाडीतली साठ लेकरं त्यांच्या नकळत टिपता आली. कॉम्प्युटरपुढे बसताना इतका थकलो होतो, की एकेक चेहरा न पाहता डाग काढायचं बटण सगळ्यांवर एकदमच चालवलं. आज फोटो वाटायला गेलो, तर आचलची आई थबकली. “भाऊ, हिची तीट काऊन पुसली?” नजर लागू नये म्हणून लावलेलं काजळ साठही फोटोंतून गेलं होतं. “नवे आणतो,” मी वैतागून म्हणालो. “तोवर लेकराले उघडं ठेवाचं का?” तिने पिशवीतली काजळाची डबी उघडून फोटोतल्या गालावर तीट लावली नि डबी रांगेतल्या मागच्या बाईला दिली. शेवटी एकच फोटो उरला. त्या लेकराची आई कापूस वेचायला गेली होती. आचलच्या आईने डबी माझ्यापुढे धरली. “तुमीच लावा. त्या दिवशी कोनत्या गालावर होती?” मला आठवेना.