एकमत

क्रेनचा दोर झिजलाय, हे फोरमनदादांनीच तिला वर नेऊन दाखवलं होतं. "मीटिंगमध्ये तू विषय काढ, मी आहे पाठीशी," असंही म्हणाले होते. कारखान्यात नवीनच लागलेल्या त्या सेफ्टी ऑफिसरने सख्ख्या भावावर टाकावा तसा त्यांच्यावर भरवसा टाकला.

मीटिंगमध्ये ती बोलली. साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला धोका वाटतो?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दादा म्हणाले, "अजून सहा महिने आरामात चालेल, साहेब."

ती तोंडघशी पडली. उद्यापासून क्रेन सुरू करायचं ठरलं.

जाब विचारायला ती त्यांच्यामागे गेली, तर जिन्यात दादा क्रेनवर काम करणाऱ्या आपल्या मुलाला फोनवर सांगत होते,


"उद्या कामावर येऊ नकोस. ताप आलाय म्हणून कळव."