शारदा हाउसची चेष्टा

जांभळा टाय.

शाळेतून तसाच परत घरी येणारा पोह्यांचा डबा.

शेजारच्या आजोबांची चांदीची डबी. आत सौंफ आणि वेलची.

दगडात कोरलेला एक शब्द. त्यातल्या 'ष'च्या पोटात कोळ्याने जाळं विणलंय.

"पापा, प्लीज़, आज वो जोक मत मारना."

ज्यांच्या घरातलं आधी कोणीच या शाळेत नव्हतं, त्यांचं हाउस चिठ्ठी काढून ठरवतात.

पंढरीनाथ या एकेका गोष्टीत मन गुंतवून बसला होता, कारण समोर बघायची त्याची छाती होत नव्हती. समोर, शाळेच्या जुन्या हॉलच्या चौथऱ्यावर, त्याची नेत्रा उभी होती. शारदा हाउसची कॅप्टन व्हायला.

"आपके यहाँ से कौन था शारदा में?" आजोबांनी डबी पुढे केली. जांभळा टाय त्यांच्या गळ्यात होता. त्यांच्या वडिलांचा, म्हणाले.

"कोई नहीं. चिट्ठी निकली थी."

"अच्छा, चिट्ठी." आजोबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "कोई बात नहीं. बिटिया शारदा की हुई तो आप भी हुए. लीजिए, इलायची लीजिए."

शाळेची हाउसेस चार, चार नद्यांची. प्रत्येकीला एक शब्द. गोमतीला सत्य, सरयूला सेवा, राप्तीला धैर्य आणि शारदेला चेष्टा. हिंदीतली चेष्टा, म्हणजे प्रयत्न. संशोधन संस्थेत नोकरी घेऊन पंढरीनाथ लखनौला आला, प्रवेशाच्या दिवशी त्याने तो दगड वाचला आणि खो खो हसला. "नेत्रे, चेष्टेला मार्क देणारी ही जगातली एकच शाळा बघ." तेव्हा तीही हसली होती. पुढे तो तेच दर वर्षी म्हणत राहिला आणि ती हसेनाशी झाली. हल्ली तो मराठीत विचारायचा आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. त्याची बायको विभा बँकेच्या नोकरीपायी नागपुरात. इंदिरा नगरमधल्या त्यांच्या घरात आता मराठी बोलायचा तो एकटाच, बहुतेक वेळा गॅसशी.

शाळेची रीत जुनी होती. ज्याला कॅप्टन व्हायचंय त्याने हाउसच्या शब्दाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. मग सगळ्यात लहान वर्गातल्या कोणीतरी एक प्रश्न विचारायचा. उत्तर पटलं तर हाउस उभं राहतं, नाही पटलं तर बसून राहतं. जिच्यासाठी जास्त जण उभे, ती कॅप्टन. मघाशी दुसरी उमेदवार, सादिया रिज़वी, बोलली तेव्हा अर्धा हॉल उठला होता. तिची आई शारदाची, आजी शारदाची.

नेत्रा छान बोलली. घोटून पाठ केलेलं, स्वच्छ, लखनवी हिंदीत. कुठेही अडखळली नाही. पंढरीनाथला वाटलं, ही कोणा दुसऱ्याची मुलगी असती तरी आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

मग पहिल्या रांगेतून सहावीतली एक मुलगी उठली. "दीदी, जब आप छठी में आई थीं, तब कैसा लगता था?"

हे पाठ केलेलं नव्हतं. नेत्रा थांबली. मग सहज बोलून गेली, "तब... तब सब मेरी चेष्टा करते थे."

हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. मागे दोन मुलं फिसकन हसली. हाउसच्या मॅडम मायेने म्हणाल्या, "बेटा, वाक्य ठीक करो. सब नहीं. मैं चेष्टा करती थी."

पंढरीनाथच्या तोंडातली वेलची तोंडातच राहिली. एवढ्या भरल्या हॉलमध्ये ते वाक्य बरोबर ऐकणारा तो एकटा होता. सगळे. माझी. रोज घरी आल्यावर तो विचारायचा, कशी झाली शाळा, आणि ती म्हणायची, मस्त.

तो अर्धवट उठला. आमच्या भाषेत याचा अर्थ वेगळा आहे, एवढंच सांगायचं होतं. नेत्राने त्याला उठताना पाहिलं. तिने मान हलवली, इतकी बारीक की शेजारच्यालाही दिसू नये. नको.

तो बसला.

"हिंदी ज़रा कच्ची है बिटिया की," आजोबा हळूच म्हणाले, टोमणा नव्हता त्यात.

"जी," पंढरीनाथ म्हणाला. "ज़रा."

"जी मैम," चौथऱ्यावरून नेत्रा म्हणाली. आवाज पुन्हा घोटीव झाला होता. "तब मुझे कुछ नहीं आता था. मैं रोज़ चेष्टा करती थी."

बाक सरकले. आधी सहावीच्या मुली उठल्या, मग मधल्या रांगा, मग ती मागची हसणारी मुलंही. सादियासुद्धा उठली. टाळ्या सुरू झाल्या. आजोबांनी त्याला कोपराला धरून वर ओढलं. "उठिए साहब, अब तो उठिए."

तो उठला. सगळेच उभे राहिल्यामुळे त्याला नेत्रा दिसेना.

सहावीत, शाळा सुरू होऊन महिना झाला नसेल, तेव्हा नेत्राने त्याला गेटपर्यंत सोडायला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्याने विभाला फोन करून कळवलं होतं की पोरगी धीट झाली.