उजवा दिवा
आमच्या अनुपमाची मला एकच गोष्ट खटकते, ती भांडत न्हाई. एवढी शिकलेली सून, कुरकुंभच्या कंपनीत लॅबला कामाला, पण मी, सासू, बोलले की मान खाली. परवा ती कामाला नेते त्या गाडीचा उजवा दिवा लागंना. "धडकवली असशील कुठंतरी. आता कंपनीच्या बसनं जात जा," म्हणत मी किल्ली कनवटीला खोचली. "कुठं धडकली न्हाई, आत्या," एवढंच ती बोलली. आज सुट्टीच्या सकाळी तिनं तपासण्यापुरती किल्ली मागून घेतली आन् बॉनेट उघडलं. मी ओट्यावरनं बघत होते. उजवीकडचा बल्ब काढून तिनं डावीकडं बसवला, तर तो लख्ख पेटला. डावीकडचा धड बल्ब उजवीकडं बसवला, तर तो पेटंना. म्हंजी खोट बल्बात न्हाई, वायरीत होती. दिव्यामागं चाचपताना तिचा हात एकदम थांबला, तवा मी उठून जवळ गेले. तिथली काळी वायर निसटली होती आन् लिंबू-मिरचीचा दोरा तिलाच बांधलेला होता. दर आमुशाला जाळीतनं बोटं घालून जुनी ओढून काढून, हाताला लागंल त्याला नवी बांधणारी मीच. अनुपमानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तिनं वायर बसवली, दोरा सोडून पुढच्या जाळीला बांधला, दिवा लावून बघितला आन् किल्ली मुकाट्यानं माझ्यापुढं धरली. मी तिची मूठ किल्लीवर मिटवली आन् म्हणाले, "उद्यापासनं गाडीच न्यायची. आन् इथनं पुढं माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. मी आरडाओरडा करीन, तू मागं सरायचं न्हाई."