दिवस तिसरा, वेळ पावणेबारा

"आता दुसरा दिवस. मागच्या ताई पुढे या, पुढच्या मागे," सुदेशनं टाळ्या वाजवून सांगितलं आणि बॅनरवरच्या तारखेवर दुसऱ्या तारखेची पट्टी चिकटवली.

वागळे इस्टेटमधल्या त्या हॉलमध्ये चाळीस आशाताई खुर्च्या सरकवत उठल्या. नवजात बाळांची घरी जाऊन तपासणी कशी करायची, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. सुदेश प्रशिक्षणाचं कंत्राट घेतलेल्या संस्थेचा माणूस. हजेरीपटावर तिन्ही दिवसांच्या सह्या सकाळी चहाबरोबरच झाल्या होत्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक उगाच म्हणतात. इथं तीन दिवस बारा वाजायच्या आत उरकत होते.

साड्या सगळ्यांच्या गणवेशाच्या, तेव्हा ती पंचाईत नव्हती. एकीला चष्मा काढायला लावला, एकीला केस मोकळे सोडायला. फळ्यावर 'स्तनपान' असं लिहिलं. शिकवायला म्हणून संचिता नावाची एक तरुण नर्स आणली होती. तिनं फळ्याकडे बोट करायचं आणि बोलल्यासारखं तोंड उघडायचं. सुदेशनं फोनमधली तारीख एक दिवस पुढे ढकलली आणि फोटो काढला.

"सर, शिकवणार कधी?" मालननं विचारलं.

"ग्रुपवर पीडीएफ टाकतो ना ताई. घरी निवांत वाचा."

"मला एकच विचारायचंय."

"शंकासमाधान तिसऱ्या दिवशी आहे," सुदेश म्हणाला. त्याला स्वतःलाही यात काही विनोदी वाटलं नाही.

मालनची कानशिलं तापली. आठ महिन्यांपूर्वी तिला आशा म्हणून घेतलं, तेव्हा 'ट्रेनिंग होईलच' म्हणून वजनकाटा आणि फॉर्मचा गठ्ठा हातात देऊन घरोघरी सोडलं होतं. प्रशिक्षण द्या म्हणून तिनं दोनदा अर्ज केला. मागच्या महिन्यात तिच्या गल्लीतल्या अंतराचं बाळ नवव्या दिवशी गेलं. सातव्या दिवशी ते मालनच्या मांडीवर होतं, आणि गार हवा आहे, नीट गुंडाळून ठेव, एवढंच तिनं अंतराला सांगितलं होतं. तेव्हापासून एकच प्रश्न तिला झोपू देत नव्हता. आजचं प्रशिक्षण म्हणजे वरातीमागून घोडं, तरी ती आशेनं नवी वही घेऊन आली होती. आणि इथं तर घोडंसुद्धा फोटोपुरतंच!

शेजारी बसलेल्या प्राची मॅडमनी, म्हणजे त्यांच्या सुपरवायझरनी, तिचा दंड दाबला. "मालन, कशाला वाकड्यात शिरतेस? जेवण आलंय बघ. हॉल एक वाजेपर्यंतच घेतलाय त्यांनी, नंतर इथं हळद आहे कुणाची तरी."

"म्हणजे तीन दिवस घ्यायचंच नव्हतं?"

"हळू बोल गं."

तिसऱ्या दिवसाची पट्टी लागली. फळ्यावर 'धोक्याची लक्षणे' आलं. बायका पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. आता फक्त समारोपाचं मनोगत राहिलं होतं, त्याचा व्हिडिओ वर पाठवायचा होता. सुदेशनं माइक मालनपुढे धरला. बडबड करणाऱ्या बाईला माइक दिला की ती खूश होते, असा त्याचा अनुभव असावा.

"ताई, तुम्हाला बोलायचंच आहे ना? या. 'ह्या तीन दिवसांत मी खूप काही शिकले', असं सुरू करा."

मालन पुढे गेली. सुदेशनं फोन रोखून मान हलवली.

"ह्या तीन दिवसांत," मालन म्हणाली आणि थांबली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. "तीन दिवस कसले? अजून पावणेबारा वाजलेत. मला एवढंच सांगा. बाळाचे मिनिटाला किती श्वास झाले की त्याला दवाखान्यात न्यायचं?"

सुदेशनं फोनवरून डोकं वर काढलं. "ते काय डॉक्टर ठरवतात, ताई. तुम्ही जरा पॉझिटिव्ह बोला."

"नाही, किती ते सांगा."

मालननं प्राची मॅडमकडे पाहिलं. त्या हजेरीपट चाळू लागल्या.

"साठ," फळ्याजवळून संचिता म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज कुणी ऐकला. "साठ किंवा त्याहून जास्त. बाळ शांत असताना परत एकदा मोजायचे. तेवढेच आले तर लगेच न्यायचं, अजिबात थांबायचं नाही."

मालनचा माइक धरलेला हात खाली गेला.

"बहात्तर होते," ती माइकशिवायच म्हणाली. "सातव्या दिवशी मी मोजलेले, मोबाइलवर मिनिट लावून. फॉर्मवर चौकट असते ना, तिच्यात लिहिलेले. मॅडम, त्याच संध्याकाळी मी तुम्हाला तो फॉर्म दिलेला. तुम्ही बरोबरची खूण करून सही केलेली."

"अगं, मला तरी कुणी शिकवलंय का..." प्राची मॅडमनी हजेरीपट मिटला.

सुदेश घाईनं पुढे आला. "काही हरकत नाही, एवढं कापता येईल. ताई, शेवटी फक्त धन्यवाद म्हणा, म्हणजे संपलं."

मालननं त्याचा फोन धरलेला हात मनगटाशी घट्ट पकडला.

"म्हणते ना. चला, अंतराच्या खोलीवर जाऊन म्हणू. इथून दहा मिनिटांवर आहे. फोन चालूच ठेवा."