झाडाला लागून आलेला चेंडू

चेंडू झाडीत शिरला आणि खोडावर टक्क असा आवाज झाला. तो तिनं ऐकला, तिची गोल्फची बॅग खांद्याला लावून शेजारी उभ्या असलेल्या मावशीनं ऐकला, आणि दोरीपलीकडच्या गर्दीनंही ऐकला असणार, कारण तिकडून एकदम "अरेरे" निघालं.

पण दोघी तिथं पोचल्या तेव्हा चेंडू झाडीत नव्हताच. झाडांच्या अलीकडे, कापलेल्या गवतावर, कुणी अलगद आणून ठेवावा तसा बसला होता. समोरचा होलवरचा झेंडा स्वच्छ दिसत होता. जवळच आयोजकांचं निळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली.

"बघत काय बसलीस? मार," मावशी म्हणाली.

"मावशी, झाडाला लागला होता ना?"

"लागला आणि बाहेर आला. झाडाला दया आली तुझी."

"झाडालाच ना?"

पुरुष व्यावसायिकांच्या या गोल्फ स्पर्धेत ती एकटीच मुलगी होती, जेमतेम एकोणीस वर्षांची, आयोजकांच्या आमंत्रणावरून आलेली. आज संध्याकाळी मागे पडलेले गळणार होते; टिकली तर शनिवार-रविवार खेळायला मिळणार होतं. हा धरून दोनच होल उरले होते आणि एक फटका जास्त लागला तरी चालेल, एवढीच सवड होती. सकाळी आयोजकांचा मॅनेजर हसत म्हणाला होता, "आजचा दिवस तेवढा काढ, बाकी आम्ही बघतो." बाकी म्हणजे काय, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात भुणभुणत होतं.

तिची नजर स्वयंसेवकाच्या बुटांवर गेली. टोकाला ओलं गवत चिकटलं होतं. मग तिनं स्वतःचे बूट पाहिले. तिथंही होतं. मावशीच्याही.

एवढ्यात तिच्या जोडीला खेळणारा कप्तान आला. खरं नाव मागे पडून सगळे त्याला कप्तानच म्हणत. तिच्या जन्माआधीपासून तो स्पर्धा खेळत होता. कालच त्यानं पत्रकारांना सांगितलं होतं, "मुलींनी खुशाल यावं आमच्यात. फक्त कुणी त्यांच्यावर मेहेरबानी करू नये." आता त्यानं आधी झाडाकडे पाहिलं, मग चेंडूकडे, मग पुन्हा झाडाकडे. तेवढं पुरे झालं.

तिनं हात वर करून पंचांना बोलावलं.

"चेंडूला हात, पाय, काही लावलंत?" पंचांनी स्वयंसेवकाला विचारलं.

"नाही हो साहेब. उलट अंगावर येत होता म्हणून मीच बाजूला झालो."

"मग मघाशी तोंड का फिरवलंत?" ती म्हणाली.

तो गोरामोरा झाला. "तुम्ही अशा बघत होतात ताई, की मलाच वाटायला लागलं, मी काहीतरी केलंय."

गर्दीत कुणीतरी हसलं. पंच म्हणाले, "कुणी हलवल्याचं दिसत नाही. आहे तिथून खेळा."

"खेळ ना बेटा," कप्तान म्हणाला. "पंच म्हणतायत ना."

त्या 'बेटा'त मायाही असेल. तिला ती ऐकू आली नाही. तिला ऐकू आलं ते उद्याचं बोलणं. आली कशी? बोलावलं म्हणून. टिकली कशी? टिकवली म्हणून.

"मी हा सोडून देते," ती म्हणाली. "मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून मारते."

पंचांनी भुवया उंचावल्या. "तो हक्क आहे तुम्हाला. पण मारलेला फटका वाया जाईल, वर एक दंड. म्हणजे दोन फटके गेले."

मावशीनं बॅग धपकन खाली टाकली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चेंडू चांगला पडला म्हणून शिक्षा घेतेस?"

पण ती चालू लागली होती. मावशी बॅग उचलून पुटपुटत मागे निघाली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. त्या आपल्या खरेपणासाठी आहेत की आपण उलट्या दिशेनं निघालो म्हणून, हेही तिला कळेना.

नवा फटका सरळ गेला. तरी जे जायचं होतं ते गेलंच.

शेवटच्या होलवर कप्तानचा चेंडू डावीकडे वळला आणि झाडांत घुसला. टक्क. क्षणभरात तो उसळून बाहेर आला आणि मैदानाच्या मधोमध जाऊन थांबला. कप्तान खो खो हसला. त्यानं टोपी काढून झाडाला सलाम ठोकला. गर्दीलाही मजा वाटली. त्या झाडांपाशीही निळ्या जाकिटातली एक बाई उभी होती. तिच्या बुटांकडे कुणी पाहिलं नाही. पंच हाकेच्या अंतरावर होते. कुणी हाक मारली नाही. कप्तान शीळ घालत गेला आणि आहे तिथून खेळला.

मावशीनं फक्त भाचीकडे पाहिलं. भाचीनं तिची नजर टाळली.

खेळ संपला तेव्हा एका फटक्यानं ती बाहेर होती. कप्तान आत होता.

त्यानं पुढे येऊन तिचा हात हातात घेतला. "खरं सांगू? तू मघाशी केलंस ते माझ्याच्यानं झालं नसतं."

तिनं त्याच्या चेहऱ्यावर खोट शोधली. सापडली नाही. तो मनापासूनच बोलत होता.

"तुम्हाला ते करावंच लागलं नसतं," ती म्हणाली.

कप्तानकडून तिचा हात सोडायचा राहून गेला.

मावशीनं बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवला.

"हे तिकडे, तुझ्या चेंडूपाशी बोलायचं होतंस," ती भाचीला म्हणाली. "उद्या खेळलो असतो."