जाड सोलचे बूट

इंद्रलोक सोसायटीमधल्या सरांच्या घराबाहेर केतनने बूट काढले. आत सर पलंगावर पडून होते, डावा पाय प्लास्टरमध्ये. "पातळ सोलचेच बूट घालायचे, पेडल पायाला कळलं पाहिजे," सर विमान चालवायला शिकवताना रोज बजावायचे. पण त्या दिवशी फोटो काढायचे म्हणून आईने आणलेले हे जाड बूट केतनने घातले. विमान धावपट्टीवर टेकलं आणि बुटाचं टोक नकळत एकाच बाजूच्या ब्रेकवर दाबलं गेलं. गर्रकन वळून विमान थेट नाल्यात गेलं. सरांच्या पत्नी, काकू, पाणी आणायला गेल्या तसा तो पुटपुटला, "सर, चूक माझी..." "आडवा वारा आला असं सांगितलंय मी," सर म्हणाले. " चौकशीवाले येतायत आता, बूट आत आण." केतनने बूट पलंगाखाली सरकवले. तिथे सरांची एकच चप्पल होती. काकूंनी ग्लास पुढे केला. "रडतोस काय बाळा, वाऱ्यापुढे कुणाचं चालतं?"